सहा जणींचं एक घर: रत्नागिरीत शिकायला येताय, तर सामायिक बिऱ्हाड असं थाटा

मी मूळची बार्शीकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या प्रवेशासाठी रत्नागिरीत उतरले तेव्हा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षं काढली. त्यातली तीन वर्षं आम्ही सहा मुलींनी एक घर भाड्याने घेऊन, एकच चूल मांडून, एकाच वहीत हिशेब ठेवून काढली. दरवर्षी जून-जुलैत कुणाच्या तरी आईवडिलांचा फोन येतो: "ताई, मुलीला मत्स्यशास्त्राला प्रवेश मिळालाय, राहायचं कसं करायचं?" प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून आता एकदा सगळं लिहून काढते. मासे शिकायला येणाऱ्यांसाठी लिहिलंय, पण गोगटे-जोगळेकरला किंवा इंजिनिअरिंगला येणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

वसतिगृहात जागा मिळत असेल, तर पहिलं वर्ष तिथेच काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाव कळतं, माणसं कळतात, कुणाबरोबर चार भिंतींत राहता येईल हेही कळतं. कॉट बेसिसवर राहून बाहेरचा डबा लावणं हा दुसरा मार्ग. तो सोपा आहे, पण महिन्याचा खर्च आपल्या हातात राहत नाही आणि रोज तीच भाजी. तिसरा मार्ग सामायिक बिऱ्हाडाचा. त्यात कष्ट जास्त आहेत, पण भाडं वाटलं जातं, जेवण आपल्या चवीचं होतं आणि आजारपणात उशाशी कुणीतरी बसलेलं असतं. हा लेख त्या तिसऱ्या मार्गाबद्दल आहे.

१. आधी माणसं ठरवा, मग घर

बहुतेक जण उलटं करतात. घर आवडलं की डिपॉझिट भरतात आणि मग "कुणी रूममेट आहे का" म्हणून ग्रुपवर मेसेज टाकतात. असं जमलेलं घर दिवाळीपर्यंत टिकत नाही.

चार ते सहा जण हा आकडा बरा. तिघांत एक जण गावाला गेला की स्वयंपाकाच्या पाळ्या कोलमडतात. आठ झाले की सकाळी न्हाणीघराबाहेर रांग लागते आणि हिशेबात कुणीतरी हरवतं.

एकत्र बसून या गोष्टी तोंडाने बोलून घ्या: घरात मासे-मटण शिजणार का? शाकाहारी कोण, आणि तिच्यासाठी वेगळी कढई, वेगळा तवा लागेल का? रात्री अभ्यास कोण करतं, पहाटे कोण? घरून पैसे महिन्याच्या कुठल्या तारखेला येतात? पैशांचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आमच्यातल्या दोघींचे वडील शेतकरी. त्यांच्याकडे पैसा पिकाच्या हंगामात यायचा, दरमहा नाही. हे आधी कळलं म्हणून त्यांच्यासाठी तीन महिन्यांचं एकदम भरायची सोय करता आली.

सहकारी संस्था म्हणून नोंदणी करायची का, असं एका पालकांनी विचारलं होतं. गरज नाही आणि शक्यही नाही: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. तुमचं हे आपसातलं बिऱ्हाड आहे. पद्धत सहकाराची घ्या, एवढंच.

२. घर पाहायला जाताना

घाटावरून येणाऱ्यांना एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. इथे घर उन्हाळ्यात पाहायचं असतं, पण पावसाळा डोक्यात ठेवून. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात छान, गार, झाडीतलं वाटणारं घर जुलैत ओलं फडकं होऊन बसतं.

म्हणून हे बघा:

- भिंती. जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची असतात. चिरा सच्छिद्र असल्याने गिलावा नसेल किंवा पडला असेल तर भिंत पाणी पिते. भिंतीच्या खालच्या दोन फुटांत रंगाचे पोपडे किंवा पांढरी बुरशी दिसली, तर ती ओल दरवर्षीची आहे हे ओळखा. नवा रंग नुकताच दिलेला असेल तर शेजारी विचारा.
- छप्पर. कौलं असतील तर मेअखेर कौलं परतून देणार का, ते मालकांकडून वदवून घ्या. स्लॅब असेल तर वर पत्र्याची शेड आहे का पाहा. इथे स्लॅबवरही शेड घालतात ते उगाच नाही.
- पाणी. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. विहीर आहे, बोअर आहे की नळ? विहीर असेल तर "एप्रिल-मेमध्ये पाणी कुठवर जातं?" असं विचारा. "पाणी पुरतं का" असं विचारलंत, तर उत्तर नेहमी "हो" येतं.
- वाळत घालायची जागा. आत दोऱ्या बांधता येतील अशी पडवी किंवा मोकळी खोली हवीच. पावसात जीन्स चार दिवस वाळत नाही.
- विजेचा मीटर वेगळा आहे का. मालकांच्या मीटरवरून सबमीटर असेल, तर युनिटचा दर आधी ठरवा.
- कॉलेज ते घर हे अंतर रात्री आठ वाजता चालून बघा. दिवसा नाही. रस्त्यावर दिवे आहेत का, कुत्री किती, शेवटची एसटी किती वाजता, हे त्याच वेळी कळतं.

घर शोधायची खरी जागा म्हणजे माणसं. कॉलेजजवळचं किराणा दुकान, झेरॉक्सवाला, आणि शेवटच्या वर्षाची मुलं, कारण त्यांची घरं मे-जूनमध्ये रिकामी होणार असतात. आम्हाला घर मिळालं ते एका सीनियर ताईमुळे.

सापळा: ऑनलाइन जाहिरातीत सुंदर फोटो, भाडं कमी, आणि "मी फौजेत आहे, बदली झालीय, टोकन पाठवा, चावी कुरिअर करतो" असा फोन. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकांना समोरासमोर भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

३. करार: सगळ्यांची नावं, आणि नोंदणी

विद्यार्थ्यांना घर देताना अनेक मालक म्हणतात, "कशाला हवाय करार, आपलीच पोरं तुम्ही." माणसं मनाने चांगली असतात, तरी करार कराच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घरभाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाला ते खोडून काढावं लागतं. हे मालकांना आदराने समजावून सांगा. नोंदणी त्यांच्याही भल्याची आहे हे कळलं की बहुतेक तयार होतात.

आपल्याकडे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार रूढ आहे. तो आता ऑनलाइन नोंदवता येतो. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवरून ओळख पटते, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जावं लागत नाही. मुद्रांक शुल्क असतं ०.२५ टक्के: एकूण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. समजा भाडं ९,००० आणि डिपॉझिट २७,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं ९९,०००, डिपॉझिटवरचं व्याज २,४७५. बेरीज १,०१,४७५. शुल्क येतं अडीचशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये. म्हणजे सरकारी खर्च फार नाही, वरचे पैसे एजंटच्या मेहनतीचे असतात. आकडा आधी विचारा आणि दोन एजंटांकडे विचारा.

आता दोन सापळे.

पहिला: करारावर एकीचंच नाव. सगळ्या ठिकाणी हेच होतं, कारण सोपं पडतं. मग डिपॉझिट कायद्याने तिचं एकटीचं, आणि नुकसानीची जबाबदारीही तिच्या एकटीवर. बाकीच्यांकडे तिथे राहत असल्याचा कागदच नाही. पुढे शिष्यवृत्तीला, गॅसला तोच कागद लागतो. सहाच्या सहा नावं घाला.

दुसरा: वय. प्रवेश घेताना बरीच मुलं सतरा वर्षांची असतात. अठरा पूर्ण नसतील तर करारावर सही चालत नाही. त्यांच्यासाठी पालकांचं नाव घाला, किंवा जे अठराचे आहेत त्यांच्या नावाने करार करून बाकीच्यांचा उल्लेख "सोबत राहणारे" म्हणून लिहून घ्या.

लागणारी कागदपत्रं:

- सगळ्यांची आधार कार्डं (मोबाइल नंबर जोडलेला हवा) आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- कॉलेजचं बोनाफाईड किंवा ओळखपत्र
- पालकांचं संमतिपत्र, त्यांच्या फोन नंबरसह
- मालकांचं आधार, पॅन, घरपट्टीची पावती किंवा वीजबिल
- दोन साक्षीदार, त्यांची आधार कार्डं

करार झाल्यावर भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. ती मालकांनी द्यायची, पण तुम्ही आठवण करा आणि पोच मागून घ्या.

४. पहिल्या दिवशी, सामान लावायच्या आधी

रिकाम्या घराचे फोटो काढा. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, फुटलेली फरशी, दाराची कडी, मीटरचं रीडिंग. ते मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत एक ओळ: "काकू, घर ताब्यात घेताना अशी स्थिती आहे." भांडायला नाही, आठवणीला. आमच्या एका मैत्रिणीचं दुसऱ्या घराचं अर्धं डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली कापलं गेलं. ओल तिच्या येण्याआधीपासूनची होती, पण दाखवायला फोटो नव्हता.

५. चूल

घरगुती १४.२ किलोचं कनेक्शन घ्यायचं तर पत्त्याचा पुरावा लागतो. नोंदणीकृत करार तिथे चालतो. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. इंडियन ऑइलचा 'छोटू' पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे महाग पडतो, पण पहिले दोन महिने तोच सोयीचा. मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडर भरून देणारे कुणी भेटले तर तिथून उठून या. तो बेकायदेशीर आणि जिवावरचा उद्योग आहे. रबरी नळी नवी घ्या, जुन्या घरातली वापरू नका.

भांडी घरून आणा, नवी घेऊ नका. पाच लिटरचा कुकर, दोन पातेली, कढई, तवा, पोळपाट-लाटणं, परात, विळी, रवी, पाण्याचा पिंप. प्रत्येकीने एक-एक मोठी वस्तू आणली की घर उभं राहतं. कुणी काय आणलं ते वहीत लिहा.

मत्स्यशास्त्राच्या मुलांना खास विनंती: घरच्या फ्रीजमध्ये प्रॅक्टिकलचे नमुने ठेवू नका. "एका रात्रीपुरतं" म्हणून ठेवलेला तो डबा फॉर्मेलिनचा, म्हणजे नमुने टिकवायच्या विषारी रसायनाचा, असू शकतो आणि शेजारी दूध असतं. नमुने प्रयोगशाळेतच राहू द्या.

६. हिशेब: बोटीवरच्या वाट्यासारखा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण घर मोडतं ते इथेच.

मिरकरवाड्याच्या बंदरावर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका तांडेलमामांनी (तांडेल म्हणजे बोट चालवणारा प्रमुख) वाट्याची पद्धत समजावली. बोट आली की मासळी विकली जाते. त्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन असा फेरीचा खर्च वजा होतो. मग उरलेल्याचे वाटे पडतात: बोटमालकाचा, तांडेलाचा, खलाशांचे. कुणाचा वाटा किती हे फेरी निघायच्या आधी ठरलेलं असतं. परत आल्यावर त्यावर चर्चा नसते. मत्स्य-अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही कर्ला मच्छीमार सोसायटीबद्दल शिकलो. १९१३ सालची, महाराष्ट्रातली, देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था मानतात ती. तेव्हा लक्षात आलं की दर्यावरची माणसं हे शतकभर करत आली आहेत आणि आम्हाला सहा जणींच्या कांद्या-बटाट्याचा हिशेब जमत नव्हता.

कारण पहिल्या वर्षी आमचं घर जवळजवळ मोडलं. आम्ही सगळा खर्च सहाने भागायचो, तोही तोंडी. आमच्यातली एक जण शांत होती. ती येता-जाता दूध आणायची, गॅस संपला की स्वतःच्या खिशातून भरायची, लिहायची मात्र नाही. मागायची तर नाहीच. फेब्रुवारीत ती म्हणाली, मी वसतिगृहात जाते. कारण सांगेना. नंतर तिच्या मोबाइलमधली पेमेंटं एकत्र पाहिली तेव्हा कळलं की पाच महिन्यांत तिने आमच्यावर जवळपास तीन हजार रुपये जास्त खर्चले होते, आणि ती स्वतः महिन्यातले दहा दिवस उपास असल्यासारखी एक वेळ जेवत होती. आम्ही पैसे परत केले. ती परतली नाही. त्या दिवसापासून वही आली.

पद्धत अशी. खर्चाचे दोन भाग पाडायचे.

ठरावीक खर्च: भाडं, वीज, इंटरनेट, झाडू-फिनेल. हा सगळ्यांत समान. घरी गेलात तरी द्यायचाच, कारण तुमची खाट रिकामी असली तरी ती तुमचीच आहे.

ताटाचा खर्च: किराणा, भाजी, दूध, गॅस. हा जेवलेल्या ताटांवर. स्वयंपाकघराच्या दाराला कॅलेंडर टांगा. जेवण झालं की आपल्या नावापुढे एक रेघ. पाहुणी जेवली तर जिची पाहुणी तिच्या नावावर रेघ.

आकडे समजण्यापुरते धरू. भाडं ९,०००, वीज ९००, इंटरनेट ६००. एकूण १०,५००, म्हणजे प्रत्येकी १,७५०. ताटाचा खर्च महिन्याला ११,७०० झाला आणि सहा जणींची मिळून ताटं झाली २६०. एका ताटाचे ४५ रुपये पडले. जी पन्नास ताटं जेवली तिचे २,२५०, जी मध्ये गावी गेली आणि तीसच जेवली तिचे १,३५०. कुणावर अन्याय नाही, कुणाला "मी तर नव्हतेच" म्हणावं लागत नाही. शेतकी कॉलेजांच्या वसतिगृहांत मुलं 'डिव्हायडिंग'ची मेस चालवतात, ती याच तत्त्वावर.

मासे-मटणाचा खर्च ताटात धरू नका. त्याची वहीत वेगळी पानं. त्या दिवशी जे खातील त्यांच्यातच तो वाटा. आमच्यात दोघी शाकाहारी होत्या. सुरमईचे पैसे त्यांच्यावर पडले असते तर त्यांनी तोंडाने काही म्हटलं नसतं, म्हणून तर आपणच काळजी घ्यायची.

प्रत्येकीने पाच तारखेच्या आत दोन हजार आगाऊ जमा करायचे. सामान त्यातूनच आणायचं, स्वतःच्या खिशातून नाही. पैसे एकीच्या खात्यात ठेवा, पण ते खातं फक्त घराचं असू द्या, तिच्या रिचार्ज-खरेदीत मिसळू देऊ नका. खर्च केला की त्याच रात्री वहीत. पावती असेल तर पिन लावून. हिशेब ठेवणारी दर महिन्याला बदलायची, म्हणजे प्रत्येकीला महागाई कळते आणि कुणी कायमची मुनीम होत नाही.

याशिवाय प्रत्येकी पाचशे रुपये सुरुवातीलाच बाजूला काढा. ही गंगाजळी. कुणाचे पैसे उशिरा आले तर तिच्यातून भागवायचं, वहीत लिहून, आणि आल्यावर परत करायचं. मागणाऱ्याला कारण सांगावं लागू नये असा आमचा नियम होता. तो नियम करून मला आजही बरं वाटतं.

७. कामाच्या पाळ्या

स्वयंपाक जोडीने. एकटीवर सहा जणींचं जेवण पडलं की ती पंधरा दिवसांत थकते. ज्या दिवशी जोडीचा स्वयंपाक, त्या दिवशी त्यांना भांडी नाहीत. पोळ्या कुणालाच नको असतात, म्हणून आम्ही आठवड्यातले चार दिवस भातच केला. कोकणात राहायचं तर भाताशी मैत्री करून टाका.

न्हाणीघर, मोटर लावणं, कचरा, पाण्याचा पिंप भरणं या कामांची नावं कॅलेंडरवर. पाळी चुकली तर पैशाचा दंड लावू नका. आम्ही लावून पाहिला. जिच्याकडे पैसे होते ती दंड भरून मोकळी व्हायची आणि काम दुसरीवर पडायचं. चुकलेली पाळी दोनदा करायची, हे बरं.

मालकांशी बोलायला एकच जण ठेवा. सहा जणींनी सहा तक्रारी सांगितल्या की त्यांनाही कुणाचं ऐकावं कळत नाही. रविवारी रात्री अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं, वही मध्ये ठेवून. मनातलं तिथे बोलायचं, स्टेटसला नाही.

८. पावसाळ्याची तयारी

आमच्या घरमालकीण काकूंनी पहिल्या मेमध्ये येऊन सांगितलं होतं, "कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं ठेव गो, नाहीतर मागून बुरशी खाईल." त्यांचं प्रत्येक वाक्य मी ऐकत गेले, तुम्हीही तुमच्या काकूंचं ऐका.

मेअखेर पंधरा दिवसांचा तांदूळ, डाळ, कांदे, पोहे भरून ठेवा. मसाले आणि मीठ घट्ट झाकणाच्या बरण्यांत. पुस्तकं आणि मूळ प्रमाणपत्रं पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. चामड्याची चप्पल घरी ठेवून या, प्लॅस्टिकची घ्या. टॉर्च, मेणबत्त्या, चार्ज केलेली पॉवर बँक. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा उत्तर रत्नागिरीत, दापोली-मंडणगडकडे गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात होती. वादळाचा इशारा आला की पिण्याचं पाणी आधी भरून घ्या, कारण वीज गेली की मोटर बंद.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या प्रजननाचा काळ. ताजी मासळी महागते. सुका जवळा आणि सुके बांगडे मेमध्येच घ्या, उन्हात पुन्हा एकदा वाळवा आणि डब्यात बंद करा. शाकाहारी मैत्रिणींच्या खोलीपासून डबा लांब ठेवा.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे होणारा तापाचा आजार, इथे पावसाळ्यात होतो. ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांकडे जा. रात्री बूट घालताना आधी झटका, आत विंचू असू शकतो.

९. सरकारी मदत: करार इथे कामाला येतो

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी निवास-भोजनाचे पैसे थेट खात्यात देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जाती, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये मिळतात: भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. उत्पन्न, गुण आणि हजेरीच्या अटी असतात. त्या वर्षाची सूचना नीट वाचा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत कामगारांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर.

भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागतात, म्हणून पुन्हा सांगते: करारावर तुमचं नाव हवं. आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे का ते अर्जाआधी पाहा. आणि हे पैसे जूनमध्ये येतील असं धरून घर घेऊ नका. ते वर्षाच्या मध्यावर किंवा शेवटी येतात. तोवर गंगाजळी आहे.

१०. निघताना

चौथ्या वर्षी कार्यानुभवासाठी आणि प्रशिक्षणासाठी काही महिने गाव सोडावं लागतं. तेव्हा खाटेचं भाडं कोण भरणार, हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटीच ठरवा. आमच्याकडे नियम होता: निघणारीने एक महिना आधी सांगायचं, आणि तिच्या जागी येणारी उरलेल्या सगळ्यांना मान्य असायला हवी. नवी आली की ती निघणारीला डिपॉझिटचा वाटा थेट देते. मालकांना मध्ये त्रास नाही. वहीत दोघींच्या सह्या. करारात नव्या मुलीचं नाव पुढच्या नूतनीकरणात घाला, पोलिसांना मात्र लगेच कळवा.

सगळ्या एकदम निघत असाल तर घर मालकांच्या हवाली करण्याआधी कॉलेजमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना दाखवा. भांडी, दोऱ्या, बादल्या त्यांना अर्ध्या किमतीत द्या. गॅस कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याने एजन्सीत जाऊन ते रीतसर परत करायचं, तसंच सोडून जायचं नाही. वीजबिल त्या दिवसापर्यंतचं भरून पावती काकूंना द्या.

वही मात्र घरातच ठेवा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर काकूंचा, गॅसवाल्याचा, प्लंबरचा आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर होता. दुसऱ्या पानावर एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी कितव्या कड्यापर्यंत खाली जातं ते. तिसऱ्या पानावर प्रत्येक महिन्याला एक ताट केवढ्याला पडलं त्याची यादी, वही सुरू झाली तेव्हापासूनची. गेल्या वर्षी तिथे राहणाऱ्या मुलीने त्या यादीचा फोटो मला पाठवला. खाली तिने नवे आकडे लिहिले होते.